पाचरीचं टोक

काय करतेस म्हणून कोणी विचारलं, की ग्लेनिस पास्क म्हणे, "रेणूंची कुळं लावते." केंब्रिजबाहेरच्या एका संस्थेत तिची उभी हयात याच कामात गेली. लेखांमधली रेणूंची चित्रं घ्यायची, कुठला अणू कुणाला चिकटलाय ते यंत्राला वाचता येईल अशा खुणांच्या भाषेत लिहायचं, आणि हा रेणू कुठल्या गटातला, तो गट कुठल्या कुळातला, ते ठरवायचं. बाई कामाला चोख, तोंडाला फटकळ.

चित्रात काही बंध पाचरीसारखे काढतात. रेणू डावा की उजवा, ते त्यावरून कळतं. हातमोज्यांसारखंच ते, डाव्याचा उजव्या हातात जात नाही; डावा नि उजवा रेणू प्रकाशही उलट दिशांना वळवतात. पाचरीचं निमुळतं टोक मधल्या अणूकडे, हा ग्लेनिसच्या लोकांचा नियम. तो इतका अंगवळणी पडलेला, की कोणी उलटी पाचर काढत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. समुद्री शेवाळातल्या एका रेणूचं जुनं चित्र तिने आपल्या नियमाने वाचलं आणि उजव्याचा डावा करून ठेवला.

आता तोच रेणू तिची भाची टॅमसिन विद्यापीठात बनवत होती. रविवारी मावशीकडे जेवताना तिने बटाटे नुसते चिवडले.

"पुन्हा बिनसलं, मावशी. शेवाळातला रेणू प्रकाश एकीकडे वळवतो, माझा दुसरीकडे. प्रोफेसर विटकॉम म्हणतात मी धांदरट आहे. उन्हाळ्यात शिष्यवृत्तीचे पैसे संपले की पीएचडी विसर म्हणाले."

"नोंद कुणाची धरलीस?"

"तुझीच की! दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवू?"

ग्लेनिसने काटा खाली ठेवला.

सोमवारी तिने तो जुना लेख पुन्हा काढला. त्यातली एकूणएक पाचर उलटी होती, रुंद बाजू मधल्या अणूकडे. तिने तिथल्या तिथे नोंद सुधारली, पण संस्थेच्या तपासणी यंत्राने सुधारणा परत पाठवली. रेणूंच्या नोंदी ठेवणाऱ्या बाहेरच्या पाच संग्रहांशी जुळत नाही, म्हणे. जुळणार कशी? त्या पाचांनी ती नोंद कधीकाळी ग्लेनिसकडूनच उचललेली!

ती तडक विटकॉमकडे गेली. "चूक माझी आहे. मी लिहिलं तेच पोरीने बनवलंय. तिला उजवा रेणू बनवू द्या."

"ग्लेनिस, पाच ठिकाणी डावाच आहे."

"ते पाचही माझी नक्कल आहेत!"

"आणि मूळ लेख लिहिणारा?"

"कधीच वारला. पण लेख बघा ना!"

विटकॉमने लेखाकडे न बघता चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, उलट फार सौजन्याने बोलला, आणि तेच जास्त लागलं. "भाची आहे तुझी. मी तुझ्या जागी असतो तर मीही तिच्या चुकीचं खापर माझ्या डोक्यावर फोडून घेतलं असतं. पण मायेला पुरावा कसा म्हणू?"

ती वरिष्ठांकडे गेली, त्या पाच संग्रहांना कळवत राहिली. सगळ्यांनी आभार मानले आणि उरलेल्या चौघांकडे बोट दाखवलं. तोवर उन्हाळा आला, पैसे संपले.

टॅमसिनने खोली रिकामी केली. ग्लेनिस खोकी बसथांब्यापर्यंत घेऊन गेली आणि बस येईपर्यंत सांगत राहिली, "टॅमी, तुझं काही चुकलं नाही गं. मी चुकले. माझ्यामुळे झालं हे."

टॅमसिनने तिला मिठी मारली. "पुरे गं मावशी. माझ्यासाठी किती खोटं बोलशील?"