मोहाखालची खुर्ची

आमच्या दवाखान्यात गोळ्यांचा साठा संपतो, किस्से काही संपत नाहीत. मी औषधांच्या खिडकीत बसतो. समोर पडवी, पडवीपुढं मोहाचं झाड. दिवसभर डोळ्यांसमोर काही ना काही चाललेलं असतं, आणि पाहता पाहता माझ्याकडे एवढा माल जमतो की कुणी चहाला बोलावलं तर मी आधी विचारतो, "वेळ आहे ना?"

मुलचेऱ्याच्या पुढं जंगल दाट व्हायला लागतं, तिथं आमचं हे आरोग्य केंद्र. उन्हाळ्यात दुपारी ओपीडी आटोपली की सगळं कसं पेंगुळतं. मोहाचा गोड वास पडवीत भरून राहतो, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे चिमटा काढून बघावं लागतं!

बरेचसे किस्से त्या झाडाखालच्या खुर्चीचे आहेत. लाकडी खुर्ची, एक हात तुटलेला. आमच्या मोठ्या सिस्टर, कुसुमबाई रामटेके, यांनी ती तिथं ठेवली. नियम एकच. दुपारी ज्याला पाहिजे त्यानं अर्धा तास बसायचं, मोबाइल आत ठेवून. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी हाक मारायची नाही.

गंमत अशी की कुसुमबाई स्वतः तिच्यावर कधीच बसल्या नाहीत. त्यांचं बीपी वर, पाय सुजलेले, निवृत्ती तोंडावर आलेली. या बाई एकदा तरी बसतील का, ही आम्हा सगळ्यांना लागलेली काळजी, आणि त्यावरून आमचं त्यांना चिडवणंही चालायचं!

*

खुर्ची आली कशी, ते आधी सांगतो.

डॉक्टर निखिल सांगलीकडचे. पहिलीच नेमणूक. त्या पावसाळ्यात तापाची साथ आली आणि माणूस पार पिळून निघाला. जेवण नाही, झोप नाही, हसणं तर नाहीच. एक दिवस बॅग भरून एसटीची वाट बघत झाडाखाली उभे राहिले. कायमचे निघाले होते.

कुसुमबाईंनी आतून खुर्ची आणली. "डॉक्टर, गाडीले वेळ आहे. उभे काऊन राह्यता?" मग आम्हाला दटावलं, "कोनी बोलू नका त्याहिच्याशी."

डॉक्टर बसले. पानांकडे बघत राहिले. एसटी आली, हॉर्न वाजवला, कंडक्टरनं दार उघडून वाट पाहिली. आम्ही सगळे चिडीचूप. एसटी गेली.

बऱ्याच वेळानं डॉक्टर उठले. "गाडी आली होती का?"

"आली होती. गेली बी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"इतक्या दिवसांत पह्यल्यांदा तुमच्या कपाळावरची आठी गेली होती," कुसुमबाई म्हणाल्या. "गाडी काय, उद्या बी येईन."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. डॉक्टर ओपीडीत होते. ते अजून ओपीडीतच आहेत!

*

माझंही त्या खुर्चीनं वाटोळं केलं, चांगल्या अर्थानं.

शाळेत असताना मी चित्रं काढायचो. नोकरी लागली आणि हात फक्त गोळ्या मोजायला उरला. खुर्चीत बसलो तर करायचं काय? गोळ्यांचं रिकामं खोकं फाडलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर पेन चालवायला लागलो. समोर एक म्हातारे बंगाली दादू बसले होते, पलीकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतले. त्यांचंच तोंड काढलं.

औषध देताना ते चित्र दादूंनी पाहिलं. उलटंसुलटं करून निरखलं. "हमारा नाक इतना बडा नहीं है," म्हणाले. आणि खोकं पिशवीत टाकून चालू पडले. औषध खिडकीतच राहिलं!

दुसऱ्या दिवशी खिडकीपुढं ही रांग! ना खोकला, ना ताप. पहिल्याच माणसानं सांगितलं, "गोली नहीं चाहिए. फोटू चाहिए."

कुसुमबाई आल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तापवाले पुढं या. नाकवाले दुपारी या."

तेव्हापासून माझ्या दुपारी भरलेल्या असतात. खोटं कशाला बोलू, मी सुखी आहे.

*

नामदेवभाऊ आमचे ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. झाडीपट्टीतल्या नाटकांचं भारी वेड. खुर्चीत बसून ते गाणी जुळवतात. शिट्टीवर चाल बसवायची त्यांना सवय, आणि शिट्टी ऐकली की कुसुमबाई आतून ओरडणार, "नामदेवभाऊ! दवाखान्यात शिट्टी नाई!"

एकदा ते जंगलातल्या गावाहून एका पोरीला बाळंतपणाला आणत होते. रस्ता असा की बसलेल्या माणसानं उतरताना हाडं मोजून घ्यावीत. पोरगी कळांनी रडत होती. सोबत कुसुमबाई. नामदेवभाऊंनी तिचं मन रमावं म्हणून आपलं नवं गाणं धरलं. पोरगी जरा शांत झाली. गाणं संपलं तशी ओरडली, "भाऊ, थांबू नका ना!"

भाऊंनी पुन्हा म्हटलं. मग जुनी गाणी म्हटली. तीही संपली. दवाखाना अजून लांब! शेवटी त्यांनी त्याच चालीवर पडवीतल्या भिंतीवरची लसीकरणाची माहिती गायला घेतली. गाडी फाटकातून आत शिरली आणि पोर जन्मलं, गोवराच्या लसीवर!

ती पोरगी परवा मुलाला घेऊन आली होती. तक्रार होती तिची. "भाऊ, हा तेच गाणं म्हटल्याबिगर झोपत नाई. मले सारं लसीकरण पाठ झालं!"

*

जिल्ह्याहून मोठे साहेब अचानक तपासणीला आले, तेव्हाची गोष्ट. गाडी फाटकाबाहेर ठेवून एकटेच चालत आले, घाम पुसला आणि समोर दिसली त्या खुर्चीत बसले. त्यांना काय ठाऊक!

आमची पंचाईत. खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही, मग तो साहेब का असेना. शिपाई सोमाजी पाणी घेऊन गेला, पेला जवळ ठेवला, हात जोडले आणि तोंडातून एक शब्द न काढता परत आला. डॉक्टर दारातून नुसते हसले. मी खिडकीतून मान हलवली.

साहेब आधी रागावलेले दिसले. मग गोंधळले. मग खुर्चीत सैल झाले. वारा सुटला होता. थोड्या वेळानं चक्क घोरायला लागले.

जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "इथं कुणी बोलत का नाही?"

कुसुमबाईंनी नियम सांगितला. आता काय होतं म्हणून आम्ही बघत उभे. साहेबांनी खुर्चीच्या तुटक्या हातावरून हात फिरवला आणि हळू आवाजात विचारलं, "अशी अजून एक मिळेल का?"

*

मग ती वानराची दुपार.

एक मोठं वानर फांदीवरून उतरलं आणि खुर्चीत जाऊन बसलं. हात मांडीवर, नजर दूर धानाच्या बांध्यांवर. मी काठी शोधायला लागलो, तर सोमाजीनं अडवलं. "राहू द्या ना भाऊ. त्याचा बी अर्धा तास होऊ द्या."

पडवीत आम्ही सगळे जमलो. कुसुमबाईंच्या हातात पट्ट्यांचा ट्रे होता. वानराकडे बघत त्या म्हणाल्या, "वानराले जमते. मले काऊन जमत नाई?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्या दिवशी चहाच्या वेळी डॉक्टरांनी त्यांचं बीपी पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, का बसत नाही तुम्ही?"

कुसुमबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "भेव वाटते डॉक्टर. काम करून राह्यली तवर मी कोन आहे ते मले माहीत असते. रिकामी बसली अन् आत काहीच नाई सापडलं तं? भद्रावतीचं घर रिकामं आहे. मालक गेले, पोरं नागपूरले. तिथं मी सकाळी उठून करू काय?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना खुर्चीवरून चिडवणं बंद केलं.

*

आता शेवटचा. हा मी चहा गार झाला तरी सांगतोच.

कुसुमबाईंचा निरोपाचा दिवस. अंगणात मांडव, शाल, हार, आसपासच्या गावांतल्या बाया आपापली पोरं घेऊन आलेल्या. निम्मी पोरं बाईंच्याच हातची. ते मोठे साहेब स्वतःहून आले होते. नामदेवभाऊ माईक तपासत होते.

आणि बाई गायब!

सोमाजीनं बोट दाखवलं. मोहाखाली, आमच्याकडे पाठ करून, कुसुमबाई खुर्चीत बसल्या होत्या. पाठ ताठ, पर्स मांडीवर, परीक्षेला बसल्यासारख्या.

सूत्रसंचालनाला तालुक्याहून एक गुरुजी आले होते. ते माईकवर म्हणाले, "सत्कारमूर्तींना विनंती आहे की..."

नामदेवभाऊंनी माईकच बंद केला. गुरुजी साहेबांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "मी बसलो होतो तेव्हा मला कुणी हाक मारली होती का? थांबू या."

अख्खा मांडव थांबला. बायांनी पोरांना पदराखाली घेतलं. हळूहळू बाईंची पाठ सैल झाली. पर्स मांडीवरून खाली घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

आणि एक शिट्टी ऐकू आली. लांब, गोड, शेवटाला वळणारी.

सगळ्यांनी नामदेवभाऊंकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "मी नाई! आईची शपथ, मी नाई!"

मोहाच्या शेंड्यावरून हळद्या पक्षी बोलला, अगदी तशीच लकेर. खालून पुन्हा शिट्टी गेली. वरून पुन्हा उत्तर आलं. कुसुमबाईंची मान वर होती आणि पाय चपलेतून निघून मातीवर ठेका धरत होते.

गुरुजींना राहवलं नाही. ते दोन पावलं पुढं गेले आणि खाकरले. बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला, थांबा म्हणून.

साहेबांनी शाल परत पिशवीत ठेवली. "सोमाजी, चहा टाका सगळ्यांना," ते म्हणाले. "बाईंना वेळ लागणार आहे."