उपासाचा शिरा

अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी बंगळुरात चिकपेटेतल्या एका कापडाच्या दुकानात खांद्यावरून गठ्ठे वाहायचे. तेव्हा ते अगदी काटकुळे होते, असं आई सांगायची. मी हायस्कुलात गेले त्या सुमाराला मालकांनी त्यांना गादीवर बसवलं. मग दिवसभर बसून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायच्या. हळूहळू त्यांचं पोट सुटलं, आणि घरात सगळ्यांना त्याचा आनंदच झाला. "आता कुठे अंगाला लागतंय," आई म्हणायची. आत्या, अण्णांची थोरली बहीण, आली की म्हणायची, "भाऊ माझा सावकार दिसतो. खिसा तेवढा बघू नका."

मी कॉलेजात जायला लागले, घरातली पहिलीच. त्याच वर्षी माडीवरच्या गोदामाचा जिना चढताना अण्णांच्या छातीत दाटून आलं. डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. त्यांनी अण्णांना वजनाच्या काट्यावर उभं केलं, बराच वेळ छाती तपासली आणि सांगितलं, हृदयाला हा भार पेलवत नाही. तूप आणि तळलेलं बंद करा, कमी जेवा, रोज चाला.

"सरी, बरं," म्हणून अण्णा उठले.

घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं. पण भूक लागलेल्या माणसाला कमी वाढणं तिला जमणारं नव्हतं. मग तिला ठाऊक होता तो मार्ग तिने काढला. आठवड्यातले तीन दिवस अण्णांना उपास धरायला लावले. आमच्याकडे बंगळुरात उपास म्हणजे भात नाही, एवढंच. उप्पिट चालतं, पोहे चालतात, रव्याचा शिरा चालतो. आणि माणूस उपाशी आहे म्हणून आई शिऱ्यात तूप जरा जास्तच सोडायची.

"आई, तूप नको म्हणालेत ना?" मी एकदा विचारलं.

"जेवणात नको म्हणाले. हे काय जेवण आहे?"

अण्णा हसले. "कॉलेजात उपास शिकवत नाहीत वाटतं," म्हणाले आणि आणखी थोडा शिरा मागून घेतला.

चालायची त्यांना लाज वाटायची. काम नसताना रस्त्याने फिरलं तर दुकानातून काढलं म्हणतील लोक, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग मला कॉलेजपर्यंत सोडायला चला. याला मात्र ते तयार झाले. माझी पुस्तकं स्वतःच घ्यायचे. चढ आला की झाडाखाली उभे राहायचे आणि म्हणायचे, "थांबू या स्वल्प. तू दमलीस." मी दमलेली नसायची. तरी मी हो म्हणायची. त्या वाटेवर ते माझ्याशी जितकं बोलले, तितकं घरात कधी बोलले नव्हते.

एका शनिवारी शिरा खाऊन ते दुकानात गेले आणि गादीवरच कलंडले. घरी आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. डॉक्टर आले. आई त्यांना सांगू लागली की मी काही कमी केलं नाही हो, तीन-तीन उपास करवत होते. काय खायचे, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने सांगितलं. ते क्षणभर खाली बघत राहिले. मग कानडीत हळूच म्हणाले, "एवढ्यानेच झालं असं नाही, अम्मा." पण ते गप्प राहिले होते, तेवढ्यात आईला समजलं होतं. त्यानंतर तिने शिरा केला नाही.

वर्ष झालं तेव्हा अण्णांचं पान मांडलं. त्यांच्या आवडीचं हवंच, म्हणून आत्याने आईला शिरा करायला लावला. आईने तो पानात वाढला.

"अगं, वरून तूप सोड की," आत्या म्हणाली. "कोरडा त्याला घशाखाली उतरायचा नाही."

आईने तुपाची वाटी उचलली, पानापर्यंत नेली आणि तिचा हात थांबला. थोडंसंच तूप तिने शिऱ्यावर सोडलं.

"स्वल्प पुरे," ती म्हणाली. "डॉक्टर नको म्हणालेत."