चार घट्ट ओळी

बिबवेवाडीतल्या आमच्या विणकामाच्या वर्गात एकच नियम होता. दुसरीच्या सुया हातात घ्यायच्या नाहीत. हात बदलला की वीण बदलते, असं बाई म्हणायच्या. बाकी सगळा आनंदीआनंद. पुण्यात थंडी जेमतेम महिनाभर, पण आम्ही सहा-सातजणी बाराही महिने लोकर घेऊन बाईंच्या हॉलमध्ये ठाण मांडायचो. दर मंगळवारी दुपारी आळीपाळीने एकीने घरून सगळ्यांसाठी सूप आणायचं. त्या दुपारी मला मनापासून आवडायच्या.

माझ्या शेजारी एक काकू बसायच्या. कसबा पेठेतून बसने यायच्या. त्यांच्या पाळीला मुगाचं कढण असायचं, वर तूप-जिऱ्याची फोडणी. कढण फक्कड, विणकाम मात्र ढिलं. मुलीसाठी मफलर चालला होता, आणि त्याचे सैल टाके मला बघवत नसत. एकदा त्या कढण गरम करायला आत गेल्या. मफलरमध्ये मला एक गळलेला टाका दिसला. मी टापटिपीची आणि तितकीच आगाऊ. चार ओळी उसवल्या आणि माझ्या घट्ट हाताने भराभर विणून ठेवल्या.

काकूंनी परत आल्यावर त्या ओळींवरून बोट फिरवलं. कोणी केलं, हे विचारलं नाही. "छान झालंय हो," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मफलर त्या घरीच विणायच्या; वर्गात वाटी दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसत्या बसून राहायच्या. "काकू, कढण प्यायचं असतं, शेकायचं नसतं," मी एकदा म्हणाले. सगळ्या हसल्या. काकूही हसल्या.

दिवाळीनंतर त्या गेल्या. हृदयविकाराचा झटका आला, एका दिवसात सगळं संपलं.

महिन्याभराने त्यांची मुलगी वर्गात आली. पिशवीतून सुयांसकट अर्धा मफलर काढून तिने माझ्यापुढे धरला.

"आई म्हणायची, वर्गात सगळ्यांचा हात घट्ट, माझाच सैल. कोणीतरी चार ओळी नीट करून दिल्यात, आता तसंच विणायचं. संधिवात होता हो तिला. घट्ट विणून बोटं सुजायची, पण ऐकेल तर ना! बाई म्हणतात, आईच्या विणीशी तुमचाच हात जुळतो. पूर्ण कराल, ताई?"

मी मफलर मांडीवर पसरला. सुरुवातीला वीतभर सैल, मऊ वीण. मग माझ्या चार ओळी. आणि तिथून थेट सुईपर्यंत सगळं घट्ट. मला वाटलं होतं, त्यांनी माझ्या ओळी घरी जाऊन उसवल्या असतील.

मी मफलर पूर्ण केला. आधी मुद्दाम सैल विणून पाहिला, पण तो तुकडा वेगळा दिसायला लागला. शेवटी उसवून माझ्याच हाताने विणला. मुलीने तो गळ्याभोवती घेतला, उलटसुलट करून पाहिला. "आईचं कुठे संपलं ते कळतसुद्धा नाही," म्हणाली. त्या ओळी कोणाच्या, हे मी तिला सांगितलं नाही. धीर झाला नाही.

वर्गाला मी अजून जाते. सुया हातात घेतल्या की शेजारून ऐकू येतं, "छान झालंय हो." तो टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणे पचवायची मला सवय आहे. काकूंना ते खरंच छान वाटलं होतं.