लिंबू-मधाचा पेला

मुक्ता, ईशान — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही. वसूला, तुमच्या आईला, तर नाहीच. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तुम्हाला इंग्रजीत सहज लिहिता आलं असतं. पण मग ते तुम्ही एकट्यांनीच वाचलं असतं. मराठीत आहे, म्हणजे आईकडून वाचून घ्यावं लागेल. फोनवर तिला सांगायला जाते — आणि तिकडच्या थंडीची चौकशी करून फोन ठेवते.

आत्ताच का? कारण मुक्ताचं पळणं बंद झालंय. आईच्या हृदयाचे ठोके अनियमित, पणजीचेही तसेच होते, म्हणजे घराण्यातच आहे. तपासण्या होईपर्यंत शर्यती नकोत. वसू म्हणाली, "रडतेय गं ती. बूट कपाटात फेकून दिलेत." मी काय म्हणाले? "काळजी घ्या," म्हणाले.

ते बूट डोळ्यांपुढून हलत नाहीत.

वसू तेव्हा हिंजवडीला नोकरीला लागली होती. अमेरिकेतली मुलं दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर यायची, तेवढ्यात मुली पाहायची, ठरवायची, परत जायची. आमच्याकडून एक स्थळ चहा-पोहे घेऊन गेलं. जिना उतरताना मुलाची आत्या म्हणाली, "मुलगी छान आहे हो. भरपूर आहे." वसू खो-खो हसली. मी नाही हसले.

त्यानंतर रोज सकाळी मी तिला कोमट पाण्यात लिंबू-मध देऊ लागले. लिंबं आजोबा मार्केट यार्डातून आणायचे. वजन झरझर उतरलं. शेजारणी विचारायच्या, मध कुठला घेता? मी दुकानाचं नावसुद्धा सांगायचे.

मध कुठलाही चालला असता. त्या पेल्यात मी माझ्या थायरॉइडच्या गोळ्या कुटून घालत होते.

हो — माहीत होतं मला. एकदा माझाच डोस चुकून वाढला होता. मी वाळत गेले, छाती धडधडायची, हात कापायचे. हृदयावर बेतेल, म्हणून डॉक्टर रागावले होते. त्यातलं वाळणं तेवढं मी लक्षात ठेवलं.

एका संध्याकाळी वसू कंपनीच्या बसमधून उतरली ती फाटकाशीच बसली. "आई, छातीत घोडे पळतायत." मी नाडी पाहिली. बोटांखाली ती कशीही उड्या मारत होती. "लग्नाआधी होतं असं," मी म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं — नाही का? दुसऱ्या सकाळी पेला दिला. नीट ढवळून. चमचा धुऊन जागेवर ठेवला.

तुमचे बाबा पाहायला आले तेव्हा चहा देताना तिच्या हातात कपबशा किणकिणल्या. त्यांची आई कौतुकाने म्हणाली, "लाजतेय हो!" त्या लाजण्यावर लग्न ठरलं. वसू जन्मात कधी लाजली नव्हती.

लग्न झालं, ती तिकडे गेली, गोळ्या थांबल्या. पण ठोके पुन्हा पुन्हा चुकत राहिले. तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे का? वसूने मला विचारलं. माझ्या आईचं हृदय शेवटपर्यंत घड्याळासारखं चाललं. मी म्हणाले, "होतं ना, माझ्या आईला." किती पटकन म्हणाले! त्या एका वाक्यामुळे आज मुक्ता घरी बसलीये.

गोळ्यांमुळेच झालं का, हे कुठलाही डॉक्टर खात्रीने सांगणार नाही. त्या आडोशाला मला उभं राहायचं नाही.

घराण्यात काहीही नाही, मुक्ता. आणि वसू, हे मोठ्याने वाचताना तू इथे थांबली असशील. थांब. मी फोन करणार नाही.

तू अजून रोज सकाळी लिंबू-मध घेतेस. आईने लावलेली सवय आहे, असं सगळ्यांना सांगतेस.