भीमाची गोळी आणि आईचं पुरण

आमच्या आईच्या पुरणापासून आयुष्यात एकानेच तोंड फिरवलं, आणि तो आमचा कुत्रा होता.

आई मूळची पुण्याची. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे बंगळूरला राहायला आली, ती पितळी पुरणयंत्र मांडीवर घेऊनच. (रिझर्वेशन एकाच सीटचं होतं, नाहीतर त्यालाही खिडकी मिळाली असती!) नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी यशवंतपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो आणि आम्ही मल्लेश्वरमला एका बैठ्या घरात राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको नीता, आई आणि भीम.

भीम हा पोमेरेनियन. भाजीच्या पिशवीत मावेल एवढा, आणि पोस्टमन आला की आईच्या पदराआड जाणारा. नाव मी ठेवलं होतं. आई आली तेव्हा म्हणाली होती, "कुत्रं घरात? मग मी बाहेर झोपते!" महिन्याभरात तो तिच्या पायाशी झोपू लागला आणि ती पाय न हलवता झोपायला शिकली.

तर या भीमाला गोचिडांचा ताप आला. खाणं सोडलं, भुंकणं सोडलं. पोस्टमन आला तरी नुसता डोळे उघडून बघायचा. त्या पोस्टमनलासुद्धा वाईट वाटलं! आई दिवसभर त्याच्याजवळ बसून असायची आणि विचारलं तर म्हणायची, "मी कशाला बसू? माझे गुडघे दुखतायत म्हणून बसलेय." जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या आणि बजावलं, "डेली मॉर्निंग, वन टॅब्लेट. गॅप माडबेडी! खाडा झाला की ताप उलटतो. मग माझ्या हातात काही नाही."

आम्ही हादरलो. खाडा होऊ द्यायचा नाही, हे ठरलं. फक्त ते भीमाशी ठरलेलं नव्हतं.

गोळी ब्रेडमध्ये घातली. त्याने ब्रेड खाल्ला, गोळी ठेवली. केळ्यात घातली. केळं गेलं, गोळी स्वच्छ धुतल्यासारखी फरशीवर! मी जबडा उघडून घशात टाकायला गेलो, तर मरगळलेला भीम एकाएकी आपल्या नावाला जागला. माझ्या बोटाला पट्टी बांधताना नीता म्हणाली, "कारखान्यात एवढाली यंत्रं चालवता म्हणे."

"बाजूला व्हा," आई म्हणाली. "मी पुरण शिजवते. माझ्या पुरणाला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय."

पहाटे उठून तिने चणाडाळ शिजवली, गूळ घातला, वेलची-जायफळ घातलं आणि पुरणयंत्र फिरवलं. मग लिंबाएवढा लाडू वळून त्यात गोळी दडवली आणि वाटी माझ्या हातात दिली. (स्वतः दिली नाही, कारण सकाळी पूजा होईपर्यंत ती सोवळ्यात आणि भीम ओवळ्यात!) मी मागच्या अंगणात गेलो. भीमाने लाडू हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मला घाम फुटला. एक तर कुत्रा जाणार, नाहीतर आईचा मान! एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या शारदक्कांनी डोकं वर काढलं. अक्का जुन्या मल्लेश्वरमच्या. आईशी त्या मोडकं मराठी मिसळलेल्या कानडीत बोलायच्या, आई त्यांच्याशी मराठीत बोलायची आणि दोघींचं छान जमायचं. फक्त एक विषय वर्ज्य होता. ओबट्टू! ओबट्टू म्हणजे इकडची पुरणपोळी. अक्का तिच्यात तुरीची डाळ घालतात हे कळल्यावर आई दोन दिवस गप्प होती. "तुरीची आमटी करतात, पुरण नव्हे," एवढंच एकदा ती देवघरात, देवाला ऐकू जाईल असं म्हणाली होती.

"भीमण्णा तिन्नोदिल्लवा? खात नाही का?" अक्कांनी विचारलं आणि भिंतीवरून कालच्या ओबट्टूचा तुपात निथळणारा तुकडा पुढे केला. "इदु कोडी. हे द्या. स्वल्प तुप्पा हाकिदीनि, थोडं तूप घातलंय."

लाडवातली गोळी काढून मी त्या तुकड्यात गुंडाळली. भीमाने आ केला आणि एका घासात सगळं गिळलं! चावलंसुद्धा नाही. वर शेपटी हलवली. किती तरी दिवसांनी हललेली ती शेपटी पाहून माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"गेली का रे?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"गेली!"

"पुरणातून?"

आता इथे माणसाने काय म्हणावं? 'तुरीच्या डाळीतून' असं म्हणायची माझी छाती नव्हती. "हो," मी म्हणालो आणि आईचा लाडू लपवायला दुसरी जागा न सापडल्याने तोंडात टाकला.

झालं! रोजचा नेमच सुरू झाला. आई पहाटे पुरण शिजवणार, लाडवात गोळी घालून वाटी देणार. मी अंगणात जाऊन गोळी काढणार, अक्कांच्या ओबट्टूत घालून भीमाला देणार आणि पुरावा स्वतः खाऊन टाकणार. भीम सुधारू लागला. मीही सुधारू लागलो. माझ्या पँटची बटणं लागेनाशी झाली. "आजारी कुत्रा आहे आणि बाळसं तुम्ही धरताय," नीता म्हणायची. ती सगळं ओळखून होती, पण मजा बघत होती.

इकडे आईची कीर्ती पसरत चालली होती. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांमध्ये तिने सांगून टाकलं, की औषध डॉक्टरांचं असलं तरी गुण पुरणाचा आहे. झालं, एका सकाळी जे. पी. नगरहून जोशीकाकू तो चमत्कार पाहायला रिक्षा करून आल्या! त्यांच्याकडेही एक कुत्रा होता आणि तोही गोळ्या थुंकायचा.

"या, या. डोळ्यांनीच बघा," आई म्हणाली. त्या दिवशी तिने पूजासुद्धा लवकर उरकली होती. मी वाटी घेऊन अंगणात गेलो आणि माझ्यामागून आई, जोशीकाकू आणि नीता अशी मिरवणूक आली. अक्कांनी दिलेला ओबट्टू नुकताच मी कागदात गुंडाळून लेंग्याच्या खिशात घातला होता.

"दे ना रे. थांबलास कशाला?"

मी लाडू भीमापुढे धरला. त्याने ढुंकून पाहिलं नाही. तो माझ्या खिशाकडे बघत होता.

"लाजतोय," मी म्हणालो.

"कुत्रा?" जोशीकाकूंनी विचारलं.

"नवीन माणसं आहेत ना!"

आईचा चेहरा उतरू लागला. मला ते बघवेना. काहीतरी करायला हवं होतं, आणि अशा वेळी मला जे सुचतं ते कधीच करण्यासारखं नसतं. "त्याला आधी खाऊन दाखवावं लागतं," मी म्हणालो. "हे बघ भीम, असं!" आणि रोजच्या सवयीने तो लाडू तोंडात टाकला आणि गिळला.

गिळल्यावर लक्षात आलं, की आज गोळी काढलीच नव्हती.

त्याच क्षणी भीमाने माझ्या खिशावर झेप घेतली. लेंगा टर्रकन फाटला, कागद फाटला आणि तुपाळ ओबट्टू सगळ्यांच्या देखत भीमाच्या पोटात गेला. तेवढ्यात भिंतीवरून अक्कांचा प्रेमळ आवाज आला, "साका? इन्नोंदु कोडला? आणखी एक देऊ? रोज एकच नेता, आज पाहुणे आहेत!"

"रोज?" आई म्हणाली.

मी फाटका लेंगा धरून उभा राहिलो.

"मग माझं पुरण रोज कोण खात होतं?"

नीताने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. एवढं नेमकं उत्तर मलाही देता आलं नसतं.

"आणि आजची गोळी?"

आता मीच माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका! जोशीकाकूंनी मला मिठाचं पाणी पाजायला सुचवलं, नीताने डॉक्टरांना फोन लावून रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"एक्स्ट्रा टॅब्लेट गेली? वेट किती आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऐंशी किलो."

"पोमेरेनियन ऐंशी किलो?"

"नाही डॉक्टर. मी."

पलीकडे बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, की माणसांनाही हेच औषध देतात, काही होत नाही. "पण डॉगला दिली का? आत्ता द्या. खाडा नको!"

मी फोन ठेवला. आईने पाकिटातून नवी गोळी काढली. पुरणाचं पातेलं ओट्यावर भरलेलं होतं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग सरळ अंगणात गेली आणि भिंतीपाशी उभी राहून म्हणाली, "अक्का, एक ओबट्टू द्या."

पुण्याच्या माझ्या आईने तुरीच्या डाळीच्या पोळीत स्वतःच्या हाताने गोळी गुंडाळली. भीमाने ती गिळली आणि तिचा हात चाटत राहिला. "खा रे बाबा," ती म्हणाली, "कुणाचंही खा, पण बरा हो." मला इतकं भरून आलं की मिठाचं पाणी न पिताच घसा खारट झाला.

अक्का भिंतीवरून बघत होत्या. त्यांनाही काय झालं ते कळलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "मला पण द्या की तुमचं पुरण. टेस्ट नोडतीनि."

आईने वाटीभर पुरण दिलं. अक्कांनी चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "एष्टु मेत्तगे! केवढं मऊ!"

आईच्या अंगात एकदम बळ आलं. ती ताठ झाली. "नुसतं मऊ? अहो, एवढी मोठी गोळी आत होती! हा एवढा शिकलेला माणूस, आख्खी गिळून बसला, तरी त्याला पत्ता लागला नाही! असं असतं पुरण!"

"कमाल आहे हो," जोशीकाकू माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या.

"पण आई," नीता म्हणाली, "भीमाला तर न खाताच कळलं होतं."

आईने भीमाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"भीम पहिल्यापासूनच हुशार आहे," ती म्हणाली.