दुखण्याचा पुरावा

एम.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती. बाबांच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला मी सरकारी दवाखान्यात बाकावर बसलो होतो आणि मांडीवर एका मोठ्या तत्त्वज्ञाचं पुस्तक होतं. मूल आधी नुसतं रडतं, मग रडण्याच्या जागी 'दुखतं' हा शब्द शिकतं, असं तो म्हणतो. मला ते फार पटलं होतं.

शेजारी एक बाई बसली होती, हातात सिकलसेलचं कार्ड. आमच्या गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हा रक्ताचा, हाडं ठणकवणारा आजार गावोगावी ठाऊक आहे. ती पदराचं टोक बोटाला करकचून गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. तोंडातून आवाज नाही.

"हाडं खूप दुखून राह्यले, बाई," ती नर्सला म्हणाली.

"रडत तं नाईस. बस तिथी," नर्सनं मानही वर केली नाही.

"मागच्या बारीले रडली, तं नाटक करते म्हनलं. आता नाई रडली, तं दुखत नाई म्हनता. मंग सांगू कसं?"

नर्स मोबाइल बघत राहिली. माझं डोकंच फिरलं. मी नर्सच्या टेबलावर पुस्तक आपटलं आणि कॉलेजातल्या शुद्ध मराठीत असा ओरडलो, की आतून डॉक्टर धावत आले. लगेच त्या बाईला खाट मिळाली, सलाईन लागलं.

तिचं नाव मी विचारलं नाही. राग मात्र अजून उतरलेला नाही. दुखत होतं तिला, आणि विश्वास बसला तो माझ्या ओरडण्यावर. माझं तर काहीच दुखत नव्हतं.