नळाला पाणी आलं आन् चिंगी पळाली

बायांनो, आज लई जीव घाबरला माझा. चिंगी म्हंजे आमचं बारकं कुत्रं, मांजराएवढं.

आठ दिवसांनी आज पाणी आलं. आमचा नळ गेटाबाहेर, हौद आत. मधी पाईप असला की गेट लागत नाय. फटीला बादली लावली आन् मोटर चालू कराय गेले. येऊन बघते तर बादली आडवी, चिंगी गायब.

रस्त्यावर टँकर, गाड्या. मी अनवाणीच पळाले. शेजारच्या काकू गच्चीवरून वरडल्या, "अगं, आधी गेट लावायचं, मग पाणी भरायचं!"

म्हणलं, "तुमी या खाली आन् लावा!"

चिंगी कोपऱ्यावर रिक्षा थांबतात तिथं बसली होती. माझी पोरगी कामावरून रोज तिथंच उतरायची. चिंगी तिचीच. पोरगी पुण्याला नोकरीला गेली, त्याला पाच महिने झाले.

मी मारायला हात उगारला. तेवढ्यात रिक्षा थांबली. चिंगी बघाय लागली, मी बी बघाय लागले. एक म्हातारबाबा उतरले.

चिंगीला उचलून घरी आणलं, पोरीला फोन लावला. "पाणी आलं की तुझ्या कुत्र्याला खोलीत कोंडणार बघ."

"आई, कोंडू नको गं. पट्टा बांधून जवळ ठेव."

"मग तू कधी येती?"

"बघते."

उद्या गेटाच्या त्या फटीला जाळी ठोकून घेणार, पाईपापुरतं भोक ठेवून. कुत्र्याचं झालं.

पण पोरी "बघते" म्हणतात तवा येतात का नाय, तुमाला कळतं का?